मी आलो, मी आले

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे मुद्रितशोधनासाठी एक लहानसे बाड आले. कागल तालुक्यातल्या, वयाची 80 वर्षे ओलांडलेल्या एका आजींनी नातीला सांगितलेल्या आठवणी नातीने फोनवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या, पुन्हा पुन्हा ऐकून टंकलिखित केल्या होत्या आणि घरच्यांपुरत्या 100 प्रती छापून घ्यायचे ठरवले होते. मी नेहमीप्रमाणे लाल पेन घेऊन बसले. पहिल्याच पानावर आजी म्हणत होत्या, ‘मी लगीन होऊन ह्या घरात आलो तवा दारात चिंचंचं झाड हुतं.’ बोलीला हात लावायचा नाही असे ठरलेले असल्यामुळे ‘तवा’ आणि ‘हुतं’ मी तसेच ठेवले, पण ‘आलो’ पाहून मात्र हात आपोआप पुढे झाला. ‘लो’चा काना काढला की ‘ले’ उरतो. मात्रा जागच्या जागी राहते, फक्त एक उभी रेघ जाते. अशा उभ्या रेघा मी पहिल्या 40 पानांत शंभरावर काढल्या असतील, आणि मग त्या नातीला फोन करून जरा मोठेपणानेच सांगितले, की बाकी मजकूर चांगला आहे, लिंगाच्या चुका मात्र फार आहेत.

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘ताई, चुका नाहीत त्या. आमच्याकडं बायका असंच बोलतात.’

हे तिने मला सांगावे याची मला मनापासून लाज वाटली, कारण ‘आमच्याकडं’ या शब्दात मीही येत होते. माझे बालपण त्याच मुलखात, दूधगंगेच्या काठच्या एका खेड्यात गेले. माझी आई, आजी, चुलत्या, पाणवठ्यावर भेटणाऱ्या साऱ्या बायका ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी बाजारला जातो’ असेच म्हणत, आणि चौथीपर्यंत मीही तसेच म्हणत होते. हे पुरुषी बोलणे आहे असे तिथे कुणाच्या डोक्यातही येत नसे, कारण तिथे ते पुरुषी नव्हतेच; ते बोलणाऱ्या माणसाचे रूप होते. दुसऱ्याविषयी बोलताना ‘तो आला’ आणि ‘ती आली’ हा भेद आम्ही चोख पाळत होतो. सीमेपलीकडच्या कानडीची रीतही अशीच आहे: तिथे तिसऱ्या माणसाविषयीच्या क्रियापदाला स्त्री-पुरुष भेद असतो, स्वतःविषयी बोलताना तो नसतो. शेजाराचा गुण आमच्या बोलीला लागला असावा, असा माझा आपला तर्क. कारण काहीही असो, आमच्या गावात बाईपण आणि पुरुषपण क्रियापदापुरते तरी बघणाऱ्याच्या तोंडी होते, ज्याचे त्याच्या तोंडी नव्हते.

वडिलांची बदली झाली आणि आम्ही पुण्याला आलो. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात मला उशीर झाला, म्हणून दारात उभी राहून मी म्हणाले, ‘बाई, मी आलो.’ सगळा वर्ग खो खो हसला. बाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनीही हसून एवढेच विचारले, ‘तू मुलगा आहेस का गं?’ मी मान हलवून नाही म्हटले आणि जागेवर जाऊन बसले, पण त्या प्रश्नाने माझ्या आत काहीतरी हलले, ते पुढे कितीतरी वर्षे जागेवर आले नाही. मी मुलगी आहे हे मला त्याआधी ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. वेण्या होत्या, बांगड्या होत्या, सुपात तांदूळ घेऊन खडे निवडायला मला बसवत आणि भावाला बसवत नसत. परंतु आपण मुलगी आहोत हे तोंड उघडल्यावर प्रत्येक वाक्याच्या शेवटी जाहीर करावे लागते, आणि ते विसरले तर लोक हसतात, ही गोष्ट मला नवी होती. महिनाभरात मी ‘आले’, ‘गेले’, ‘जेवले’ शिकले. पुढच्या महिन्यात आईला सुधारू लागले. आई ऐकून घेई आणि पुन्हा ‘जेवलो की मी’ म्हणे.

मे महिन्याच्या सुटीत गावाकडे जाताना एसटीने कराड ओलांडले की माझी क्रियापदे परत फिरत. एका उन्हाळ्यात ती फिरली नाहीत. अंगणात आजीला मी म्हणाले, ‘आजी, मी दमले,’ तेव्हा तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिले आणि विचारले, ‘पुण्याची झालीस व्हय?’ मुलगी झालीस का, असे तिने विचारले नाही. जो बदल शाळेतल्या बाईंच्या लेखी मुलगा-मुलगीचा होता, तो आजीच्या लेखी गाव बदलल्याचा होता.

हे वाचून त्या गावात बायका मोकळ्या होत्या असे कुणी समजू नये. ‘मी आलो’ म्हणणारी माझी आजी सगळ्यांच्या शेवटी जेवायची, मोठा दीर समोर आला की पदर पुढे ओढायची आणि आयुष्यात एकदाही चावडीची पायरी चढली नाही. व्याकरणाने बाईला सूट दिली म्हणून संसाराने दिली असे होत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की बाईपण जिथे जिथे शिकवले जाते आणि राखले जाते त्या जागा पुष्कळ आहेत. आमच्या गावाने त्यांतली एक मोकळी सोडली होती, आणि ती नेमकी ‘मी’ची होती.

प्रमाण मराठीने ती सोडलेली नाही, पण पूर्ण भरलेलीही नाही, आणि ही गंमत इतकी वर्षे प्रुफे तपासत असूनही माझ्या उशिरा ध्यानात आली. ‘मी’ या सर्वनामाला लिंग नाही. ‘मी आहे’ या वाक्यालाही नाही; ते कुणीही उच्चारावे. ‘मी असेन’ यालाही नाही. ‘मी होते’ म्हटले की मात्र बाई दिसू लागते. म्हणजे मराठी माणूस वर्तमानात नुसता असतो, भविष्यातही नुसता असेल, आणि स्त्री किंवा पुरुष होतो तो मागे वळून पाहताना. भविष्यकाळ सगळाच तसा: ‘मी जाईन’, ‘मी शिकेन’, ‘मी परत येणार नाही’. मनातल्या गोष्टींचेही तेच. ‘मला भूक लागली’, ‘मला भीती वाटते’, ‘मला घरी जायचे नाही’ या वाक्यांतून बोलणारा कोण ते कळत नाही, कारण ज्याला वाटते तो तिथे कर्ता म्हणून उभाच नसतो. ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी चिंच खाल्ली’ यांत क्रियापद आंब्याचे आणि चिंचेचे लिंग सांगते, खाणाऱ्याचे झाकून ठेवते. लिंग उघडे पडते ते जाण्यायेण्यात, उठण्याबसण्यात, राहण्यात, हसण्यात. म्हणजे चारचौघांना दिसते त्या ठिकाणी. ‘मी ऐकले’ यातून काही कळत नाही, पण ‘मी बोलले’ म्हटले की कळते. ज्या कुणा व्याकरणकाराने ही विभागणी एका वाक्यात मांडून ठेवली असेल त्याला ती विनोदी वाटली की नाही, कोण जाणे. बाईने ऐकून घेतले तर ती बाई आहे हे सांगायची गरज नाही. बोलली तर आहे.

दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण 1836 साली छापले गेले, मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय व्याकरण 1911 साली आले, आणि शाळेत आम्ही शिकलो ती त्यांची वंशज असलेली पाठ्यपुस्तके सांगत, की सजीवांचे लिंग वास्तविक असते आणि निर्जीवांचे काल्पनिक. लगेच पुढच्या पानावर घार, पाल, ऊ, सुसर यांना कायमचे स्त्रीलिंगात आणि गरुड, उंदीर, टोळ, सुरवंट यांना कायमचे पुल्लिंगात बसवलेले असे, आणि घारीच्या नराने काय करावे याबद्दल पुस्तक गप्प राही. निर्जीवांच्या बाबतीत भाषा अधिक मनमोकळी आहे. मोठा तो गाडा, लहान ती गाडी; मोठा तो सुरा, लहान ती सुरी; मोठा तो पळा, लहान ती पळी. लोखंड तेच, काम तेच, फक्त आकार कमी झाला की वस्तू स्त्री होते. असे नियम मुलांना पाठ करायला लावताना कुणाला काही खटकत नाही, इतके ते मुरलेले आहेत.

त्याच भाषेत मुलाला मात्र आधी नपुंसकलिंग मिळते. बाळ रडते, लेकरू झोपते, पोरगं उठतं. मालवणीत मुलगी वयात येईपर्यंतच काय, त्यापुढेही ‘तां चेडू’ असते, आणि त्यात कुणाला अवमान वाटत नाही. आमच्याकडे पाळण्याखालून-वरून बाळ देता-घेताना ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ असे म्हणत, मग पाळण्यात मुलगी असली तरीही. माझे वडील मी 30 वर्षांची होईपर्यंत मला फोनवर ‘काय रे बाळा, जेवलास का?’ असे विचारत. ही सवय पुष्कळ मराठी बापांना असते. मुलीवर माया दाटून आली की ते तिला पुल्लिंगी करतात. यात मुलगा हवा असल्याची सुप्त इच्छा शोधणारे लोक मला भेटले आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे असेल असे मी म्हणणार नाही. पण उलट बाजूही आहे. आळंदीच्या वाटेवर दाढीवाले, पागोटेवाले वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणतात, ज्ञानेश्वर तर साक्षात माउलीच, आणि त्यांच्या विराण्यांत प्रियकरासाठी झुरणारी जी बोलते ती स्त्री आहे. 700 वर्षांत कुणीही त्या अभंगांतली क्रियापदे सुधारलेली नाहीत.

गावाकडची एक गोष्ट या संदर्भात नेहमी डोळ्यांपुढे येते. मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या दारात जोगवा मागायला एक जोगता येई. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेला हा माणूस. अंगावर नऊवारी हिरवे लुगडे, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर भंडारा, हातात परडी, आणि हनुवटीवर दोन दिवसांची खुंटे. आजी सुपातून ज्वारी आणून परडीत घाली आणि ‘ये गं बाई, टेक जरा’ म्हणे. तो ओट्यावर टेके. ‘लांबनं चालत आलो, आक्का, पाय दुखाय लागल्यात,’ असे तो म्हणे, आणि आजी म्हणे, ‘मीबी आत्ताच शेतातनं आलो बघ.’ दोघेही ‘आलो’. आमच्या बोलीत आजीच्या आणि त्या जोगत्याच्या क्रियापदात काडीचा फरक नव्हता. आपण कोण आहोत हे त्याला वाक्यागणिक सिद्ध करावे लागत नव्हते, कारण तिथे कुणालाच करावे लागत नव्हते. तो निघून गेल्यावर मात्र चुलते त्याच्या चालीची नक्कल करीत, पोरे त्याच्या मागे टाळ्या पिटत जात, आणि तो राहतो कुठे, जेवतो कुणाबरोबर, आजारी पडला तर त्याच्यापाशी कोण बसते, हे मी तरी कधी कुणाला विचारले नाही. त्याच्याविषयी बोलताना आजी ‘ती’ म्हणे आणि चुलते ‘त्यो’ म्हणत. भेद पुन्हा तिथेच होता, बघणाऱ्यांच्या तोंडी. आणि आज हे लिहिताना मीही त्याला ‘तो’ म्हणते आहे. त्याला काय म्हटलेले आवडले असते, हे विचारायची वेळ निघून गेली.

जे दारात चेष्टेचे होते ते रंगभूमीवर पूजेचे होते. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 साली किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढची कित्येक वर्षे महाराष्ट्राने त्यांना भामिनी, सिंधू, रुक्मिणी म्हणून पाहिले. त्यांच्यासारखे नऊवारी नेसायचे, त्यांच्यासारखा पदर घ्यायचा, केसांत गजरा त्यांच्यासारखा माळायचा, ही घरंदाज बायकांमधली फॅशन झाली. बाई कशी दिसावी हे बायका एका पुरुषाकडे पाहून शिकत होत्या, आणि तो पुरुष आधी बायकांकडे पाहून शिकला होता. मूळ कुठले आणि नक्कल कुठली हे ठरवायला बसले तर रात्र सरेल. 1911 च्या मार्चमध्ये ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकिकत कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून आपण ऐकत आलो आहोत. मला तिच्यात दुसरेच दिसते. ज्या दिवशी आतला बाप कोसळलेला होता त्या दिवशी तोंडून रात्रभर स्त्रीलिंगी वाक्ये निघत राहिली. त्या रात्रीचा त्यांचा ‘मी’ नेमका कोणता, हा प्रश्न प्रेक्षकांपैकी कुणाला पडला नसेल, आणि तो खुद्द बालगंधर्वांना पडावा अशी सवडही त्यांना मिळाली नसेल.

नावाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने माझे नाव लिहिले. पहिले नाव बदलले नाही, त्यापुढचे दोन्ही शब्द बदलले. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, पण गॅसच्या नोंदणीपासून शाळेच्या पालकसभेपर्यंत सगळे जण कायदा असल्यासारखे वागतात. 2024 साली राज्य सरकारने ठरवले, की 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव सरकारी कागदावर लागेल. तो निर्णय वाचून मला बरे वाटले. त्याच निर्णयात विवाहित बाईच्या स्वतःच्या नावापुढे नवऱ्याचे नाव आणि आडनाव लावण्याची चालू पद्धत कायम ठेवली आहे, हे वाचून बरे वाटणे जरा आवरले. मुलाच्या नावात मी आले. माझ्या नावात माझी आई अजून नाही.

माझ्या एका जुन्या मैत्रिणीचे धाकटे अपत्य लहानपणापासून आमच्या घरी येते. चार वर्षांपूर्वी मला त्याच्या बोलण्यात काहीतरी वेगळे जाणवू लागले, आणि ते काय हे कळायला माझ्या धंद्यातला कान लागला. सहा-सात महिने ते एकही लिंगदर्शक वाक्य बोलत नव्हते. ‘मी निघालो’ ऐवजी ‘निघायला हवं’. ‘मी आलो होतो’ ऐवजी ‘येणं झालं होतं’. ‘मी दमलो’ ऐवजी ‘दमायला झालंय’. कुठे ‘आम्ही’, कुठे ‘आपण’, कुठे भविष्यकाळ. मराठीत ज्या ज्या फटी मोकळ्या आहेत त्या सगळ्या या पोराने शोधून काढल्या होत्या, आणि त्यांतून वाट काढत ते रोज जेवत होते, कॉलेजात जात होते, आईशी बोलत होते. असे बोलणे किती दमवणारे असेल याची कल्पना यायला आपण एक तासभर करून पाहावे. मी केले आणि विसाव्या मिनिटाला सोडून दिले. मग एका संध्याकाळी दारावरची बेल वाजली आणि बाहेरून आवाज आला, ‘मावशी, मी आले.’

मी दार उघडले. काही विचारले नाही. चहा टाकला. ती बसली.

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि 2019 साली झालेल्या कायद्याने त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडून प्रमाणपत्र घेण्याची व्यवस्था केली, हे सगळे तिने मला त्या चहाबरोबर नीट समजावून सांगितले. क्रियापदाचा अर्ज मात्र तिला आईकडेच करावा लागणार होता, आणि त्याचीच तिला धास्ती होती. माझी मैत्रीण वाईट बाई नाही. 19 वर्षांची सवय तिच्या जिभेवर आहे. ती ‘तो’ म्हणे, अडखळे, ‘ती’ म्हणे, रडू लागे. हल्ली तिने एक मार्ग काढला आहे. स्वयंपाकघरातून ती हाक मारते, ‘बाळ उठलं का? बाळानं खाल्लं का?’ 23 वर्षांचे बाळ हसते आणि खाते. हा तोडगा कायमचा नाही हे दोघींनाही माहीत आहे.

मला त्या मुलीविषयी एक प्रश्न पडतो, आणि तो मी तिला विचारलेलाही आहे. जिला ‘आलो’ सक्तीने सोडावे लागले त्या मला ‘आले’ हे रूप जू वाटते. आणि तिने तेच रूप एवढी किंमत मोजून मागून घेतले. माझ्या मते स्त्री असणे ही बरीचशी शिकवलेली गोष्ट आहे, मग ती कशाची मागणी करते आहे? ती म्हणाली, ‘मावशी, तुला वर्गात कुणीतरी सुधारलं. मला कुणी सुधारू नये एवढंच हवंय. तुला परत आलो म्हणायचं असेल तर म्हण ना, मी हसणार नाही.’ यावर मला उत्तर सुचले नाही. शिकवलेली गोष्ट खोटी असते असे मी इतके दिवस धरून चालले होते. भाषा ही शिकवलेलीच गोष्ट आहे, आणि तिच्याबाहेर मला स्वतःशीसुद्धा बोलता येत नाही.

ते बाड मी पुन्हा पहिल्या पानापासून घेतले. काढलेल्या प्रत्येक कान्याखाली टिंबे दिली आणि समासात ‘असू द्या’ लिहिले. 40 पानांना दोन दुपारी लागल्या. पुढची पाने सरळ गेली, ‘आलो’, ‘गेलो’, ‘बसलो’, ‘रडलो’. एका ठिकाणी मात्र अडले. आजी पोट दुखते म्हणून मिरजेच्या एका दवाखान्यात गेल्या होत्या आणि तिथे डॉक्टरांना म्हणाल्या होत्या, ‘कालपासनं उपाशी आले हाय मी.’ सगळ्या मजकुरात हा एकच ‘आले’. नातीकडून टंकताना काना राहिला असेल असे वाटून मी तिला विचारले. तिने ध्वनिमुद्रण पुन्हा लावले आणि संध्याकाळी कळवले, की आजी तिथे तसेच म्हणाली आहे. तिला विचारलेही, तर म्हणाली, ‘डाक्टरम्होरं नीट बोलाय लागतंय.’

मी पेन खाली ठेवले आणि पान उलटले.